चार खोल्या, चार तऱ्हा

पत्र:

नमस्कार,
आमचं घर चार खोल्यांचं. हॉल नवऱ्याच्या आवडीचा आहे: निळसर राखाडी भिंती, बुटका सोफा, सगळ्या सरळ रेषा, नक्षी कुठेच नाही. आमच्या बेडरूममध्ये माझ्या आजीचं उंच लाकडी कपाट आणि पलंग आहे, दोन्ही गडद पॉलिशचे आणि वर कोरीवकाम. चौदा वर्षांच्या मुलीने तिच्या खोलीला मोरपंखी रंग आणि पिवळे पडदे निवडले. चौथी खोली माझ्या कामाची. तिथे वेताची खुर्ची, हातमागाचा रंगीत गालिचा, पुस्तकं आणि झाडं. प्रत्येक खोली आपापल्या जागी छान आहे, पण एकीतून दुसरीत जाताना दर वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं होतं. मधला पॅसेज अरुंद, बिनखिडकीचा, त्याला धड कुठलाच रंग नाही. नवरा म्हणतो, सगळं घर पांढरं करू आणि ते कपाट काढून टाकू, कारण नवीन पॉलिश करूनही हॉलमधून ते लालभडक दिसतं. मुलगी म्हणते, माझ्या खोलीला कुणी हात लावायचा नाही. कपाट काढायला माझं मन होत नाही. काय करू? आणि सगळीकडे एकसारखे पडदे लावले तर काम भागेल का?

उत्तर:

प्रिय ताई,

कपाट काढू नका आणि सगळं घर पांढरंही करू नका. दोन्ही गोष्टी केल्यात तरी तुमची तक्रार थोड्याफार फरकाने तशीच राहील.

‘प्रत्येक खोली आपापल्या जागी छान आहे,’ असं तुम्ही लिहिलंय, आणि तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. खोल्यांत काही बिघडलेलं नाही. खटकतं ते जाता-येताना, दारापाशी. घरात वावरताना आपण खोलीच्या मधोमध उभं राहून चारी भिंती न्याहाळत बसत नाही. सोफ्यावर बसलेलो असताना उघड्या दारातून पलीकडच्या खोलीचा एक उभा तुकडा दिसत असतो, आणि तोच दिवसभर पुन्हापुन्हा नजरेस पडतो. हा तुकडा आणि आपण बसलोय ती खोली यांचं जमलं, की घर एक वाटतं. तेव्हा तुम्हाला चार खोल्या बदलायच्या नाहीत. दारांतून दिसणारे हे मोजके तुकडे जमवायचे आहेत. काम बरंच लहान झालं की नाही?

सुरुवात फोनच्या कॅमेऱ्याने करा. हॉलमधल्या नेहमीच्या जागी बसा आणि बेडरूमच्या दाराकडे बघून फोटो काढा. मग बेडरूममधून हॉलकडे. पॅसेजमध्ये उभं राहून प्रत्येक दाराचा एकेक. हे सगळं दिवसा एकदा आणि रात्री दिवे लावल्यावर एकदा करायचं. नंतर तेच फोटो काळे-पांढरे करून बघा. रंग निघून गेले की उरतो फक्त गडद-फिक्याचा फरक, आणि माझ्या मते दोन खोल्या एकमेकींपासून तुटतात त्या रंगापेक्षा या फरकामुळे जास्त. मोरपंखी आणि राखाडी हे रंग एकमेकांपासून लांबचे; पण काळ्या-पांढऱ्या फोटोत दोघांचा करडेपणा जवळपास सारखा आला, तर ते शेजारी सुखाने राहतात. उलट, एकाच रंगाच्या दोन छटा घेतल्या, एक अगदी फिकी आणि एक अगदी गडद, तर दारातून बघताना भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. काही शेडकार्डांवर प्रत्येक शेडच्या क्रमांकाजवळ एल.आर.व्ही. नावाचा आकडा असतो. त्या रंगावरून किती उजेड परत फिरतो, हे तो सांगतो: पूर्ण काळ्याला 0, पूर्ण पांढऱ्याला 100. शेजारच्या खोल्यांसाठी शेड निवडताना हे आकडे फार लांबचे नाहीत ना, एवढं बघितलंत तरी पुष्कळ चुका टळतात.

आता दिव्यांकडे या. रात्रीचे फोटो बघाल तेव्हा मला जवळजवळ खात्री आहे की हॉल निळसर पांढरा आणि बेडरूम पिवळी दिसेल. बल्बच्या खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा छापलेला असतो. 2700 ते 3000 म्हणजे पिवळसर, उबदार उजेड. 4000 च्या आसपास मधला. 6500 म्हणजे निळसर, ढगाळ दुपारसारखा. एकाच खोलीत बसलं, की आपले डोळे थोड्या वेळात तिथल्या उजेडाला सरावतात आणि पांढरं पांढरं दिसायला लागतं. पण दोन वेगळे उजेड एकाच वेळी नजरेसमोर आले, तर डोळ्यांना दोन्हींशी एकदम जुळवून घेता येत नाही. मग एक खोली निळी पडते, दुसरी केशरी. भिंती एकाच डब्यातल्या रंगाने रंगवल्या असत्या, तरी हेच झालं असतं.

म्हणून रंगाचा ब्रश हातात घेण्याआधी बल्ब बदला. सगळ्या घरात 3000 चे लावा. तुमच्या कामाच्या टेबलावरचा दिवा 4000 चा असला तरी बिघडत नाही, कारण त्याचा उजेड टेबलापुरता असतो. खोक्यावर सी.आर.आय. असंही एक माप लिहिलेलं असतं, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं; ते 90 किंवा त्याहून जास्त असेल असे बल्ब शोधा. नेहमीचे बल्ब 80 च्या आसपास असतात, आणि त्यांच्या उजेडात लाल-तपकिरी रंग मेलेले दिसतात. तुमच्या घरात एवढं लाकूड आणि वेत आहे, त्यांना चांगला उजेड मिळायलाच हवा. बल्ब बदलून थोडे दिवस तसेच राहा. पुढचं निम्मं काम कदाचित उरणारच नाही.

आता त्या कपाटाबद्दल, कारण पत्रातली खरी कळ तिथे आहे.

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा एक जुना गालिचे आणि भिंतीवर टांगायची कापडी चित्रं विणण्याचा कारखाना आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या रंगकामाची जबाबदारी मिशेल शेव्हरोल या रसायनशास्त्रज्ञाकडे होती. निळ्या-जांभळ्या भागांत वापरलेला काळा धागा फिका पडतो, त्याला जोर नाही, अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने धागा तपासला, तर रंगात खोट नव्हती. काळा फिका वाटत होता तो शेजारच्या रंगांमुळे. शेजारी शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना आपल्यापासून दूर ढकलतात, हे त्याने पुढे सविस्तर मांडलं आणि 1839 मध्ये छापलं.

तुमच्या कपाटाचं नेमकं तेच झालंय. निळ्याच्या समोरचा रंग केशरी. निळसर राखाडी भिंतींच्या चौकटीतून तुम्ही तपकिरी लाकूड बघता, तेव्हा त्यातला केशरी-लाल अंश उसळून वर येतो. त्यात दिवाही निळसर असेल तर विचारायलाच नको. पॉलिशवाल्याला पुन्हा बोलावलंत तरी काही उपयोग नाही, कारण ही लाली कपाटात नाही, हॉलच्या भिंतीत आहे. पडताळून बघायचं असेल तर एक मोठा पुठ्ठा घ्या, त्यावर कोमट राखाडी रंग लावा, म्हणजे ज्यात निळ्याऐवजी किंचित पिवळा-तपकिरी मिसळलेला असतो तो. वाळल्यावर तो हॉलच्या बाजूने बेडरूमच्या दाराशेजारी उभा करा आणि सोफ्यावर जाऊन बसा. नवऱ्यालाही शेजारी बसवा. पुठ्ठ्यालगत दिसणारं कपाट शांत झालेलं तुम्हा दोघांच्याही लक्षात येईल.

हॉलचा राखाडी राखाडीच राहू द्या, त्यांची आवड मोडायची काही गरज नाही. फक्त त्यातला निळा काढून घ्या. एवढ्या एका बदलावर मी सगळ्यात जास्त भर देईन.

आणि पांढऱ्याचं म्हणाल, तर ‘पांढरा’ असा एकच रंग नसतोच. छापायचा कोरा कागद घ्या आणि घरातल्या निरनिराळ्या पांढऱ्या वस्तूंना टेकवून बघा: छत, दाराची चौकट, स्विचबोर्ड, खिडकी. कागदाशेजारी कुणी गुलाबी निघेल, कुणी पिवळं, कुणी हिरवट. शिवाय ज्या खोलीत थेट ऊन येत नाही तिथला उजेड आकाशाचा, निळसर. आणि पश्चिमेच्या खिडकीतून संध्याकाळी येतो तो केशरी. एकच पांढरा चार खोल्यांत लावलात की चार पांढरे होतात, आणि ते एकमेकांशी भांडताना फार ठळक दिसतात, कारण नजर खिळवून ठेवायला दुसरं काही नसतं. पांढरा जरूर वापरा, पण छताला आणि चौकटींना. सगळ्या घरात एकच, किंचित उबदार पांढरा, एकाच चमकेचा. सगळी दारं, चौकटी आणि स्कर्टिंग एका रंगाची झाली, की प्रत्येक खोलीच्या भोवती एकच किनार फिरते. आत काय हवं ते असू दे, किनार ओळखीची राहते.

दाराच्या बाबतीत एक बारकावा आहे, तो रंगाऱ्याला काम सुरू व्हायच्या आधी सांगा. दोन्ही बाजूंना वेगळे रंग असतील तर दाराची जाडीची कड कुठल्या रंगाची? दार ज्या खोलीत उघडतं, त्या खोलीच्या रंगाची कुलपाकडची कड; बिजागरीकडची कड पलीकडच्या बाजूची. दार उघडं ठेवून प्रत्येक बाजूने बघा, म्हणजे असं का ते कळेल. जिथे दार नाही, नुसती मोकळी कमान किंवा उघडा मार्ग आहे, तिथे भिंतीच्या जाडीलाही रंग लावावा लागतो. तो रंग बाहेर आलेल्या कोपऱ्यावर थांबवू नका, आत दबलेल्या कोपऱ्यापर्यंत नेऊन थांबवा. बाहेरच्या कोपऱ्यावर दोन रंग भेटले, की तिथला रंग कागद चिकटवल्यासारखा दिसतो आणि टवके उडाले की आणखीच वाईट. फरशी दोन प्रकारची असेल, तर दोन्हींमधला सांधा बंद दाराच्या बरोबर खाली यायला हवा. मग दार लावल्यावर कुठल्याच बाजूने परकी फरशी डोकावत नाही.

पॅसेजबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत, पण माझ्या मते तुमचं घर जोडायची जागा तीच आहे. बिनखिडकीच्या अरुंद जागेला लोक घाबरून पांढरं करतात. उजेडच नसला, की पांढरा तिथे मळकट करडा दिसतो. त्यापेक्षा तिला मधला रंग द्या, हॉलपेक्षा थोडा गडद आणि बेडरूमच्या लाकडापेक्षा खूप फिका. त्या जागेत आपण थांबत नाही, क्षणभर पार करतो, त्यामुळे तिथे थोडा गडदपणा चालून जातो. आणि तिथून पुढे पाऊल टाकलं की कुठलीही खोली मोठी आणि उजळ वाटते. पॅसेजच्या जमिनीवर एक लांबट गालिचा घाला. त्यात तुमच्या चारही खोल्यांचे रंग असावेत असा हट्ट नको, दोन असले तरी पुरे: थोडं लाकडाचं तपकिरी आणि कुठेतरी मोरपंखीची आठवण देणारं, पण मंद केलेलं निळं-हिरवं. तुमच्या कामाच्या खोलीतल्या गालिच्यात हे रंग असतील, तर तोच एकदा पॅसेजमध्ये घालून बघा. नवीन आणण्याआधी घरातल्या घरात वस्तू फिरवून बघणं मला नेहमीच जास्त पटतं. एखादी वस्तू वर्षानुवर्षं चुकीच्या खोलीत असू शकते.

हाच धागा पुढे न्यायचा. प्रत्येक खोलीतलं काहीतरी शेजारच्या खोलीत दिसलं पाहिजे, आणि तेही दारातून दिसेल अशा जागी. कपाटाच्या लाकडाचा रंग आज फक्त बेडरूममध्ये आहे, म्हणून हॉलमधून बघणाऱ्याला तो उपरा वाटतो. हॉलमध्ये त्याच गडद रंगाची एक चित्राची चौकट लावा, एखादं छोटं स्टूल ठेवा. कोरीवकाम नको, हॉलला शोभेल असंच साधं, सरळ. उलट बेडरूममध्ये हॉलचा राखाडी जाऊ द्या, पलंगावरच्या चादरीतून किंवा उशांच्या अभ्र्यांतून. वस्तू तीच नको, कापडही तेच नको, नाहीतर संच विकत आणल्यासारखं दिसतं. हॉलमध्ये रंग लाकडात असेल तर दुसरीकडे तो कापडात असू दे, तिसरीकडे मातीच्या कुंडीत. तुमची वेताची खुर्ची तर या कामासाठी बनल्यासारखी आहे. तिच्या गोल पाठीमुळे हॉलच्या सरळ रेषांत एक वळण येईल, आणि आजीच्या कपाटाच्या कोरीव महिरपीशी हॉलचं थोडं नातं लागेल. काही दिवस ती हॉलमध्ये बसवून बघा.

उंचीकडेही लक्ष द्या, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तुमच्या हॉलमधलं सगळं सामान बुटकं आणि बेडरूममधलं उंच. हॉलमधून दारात बघताना नजर एकदम वर उडी घेते. दाराच्या चौकटीची वरची रेघ घरभर बहुतेक एकाच उंचीवर असते, साधारण सात फुटांवर. हॉलमध्ये एखादं शेल्फ किंवा चित्रांचा गट असा लावा, की त्याची वरची कड त्या रेघेला मिळेल. नजरेला वर चढायला पायरी मिळते. कड्या, मुठी, दिव्यांचे दांडे यांचे धातू मोजा. घरभर दोन प्रकार खुशाल असू देत, पितळी आणि काळे म्हणा. चार प्रकार असतील तर दोन कमी करा.

आता मुलगी. तिच्या खोलीला हात लावायचा नाही, हे तिचं म्हणणं मी मान्य करेन आणि तुम्हीही करा. चौदाव्या वर्षी स्वतःची भिंत स्वतः निवडायला मिळणं ही मोठी गोष्ट असते, घराच्या एकसंधपणापायी ती काढून घ्यावी इतका तो मोलाचा नाही. तिचं दार बहुतेक बंदच असेल. उघडं असताना पॅसेजमधून तिच्या खोलीची कुठली भिंत दिसते, तेवढं बघा. ती समोरची एकच भिंत दिसत असेल, तर तिच्याशी बोलून त्या भिंतीवर काय असावं ते ठरवा: तिची चित्रं, पुस्तकांचं शेल्फ, जे तिला आवडेल ते. भरलेल्या भिंतीवरचा मोरपंखी तुकड्यातुकड्यांनी दिसतो आणि आपोआप सौम्य होतो. बाकी तीन भिंती तिच्या. आणि पॅसेजच्या गालिच्यातला तो निळा-हिरवा निवडताना तिला बरोबर न्या. तिच्या खोलीचा रंग घराने उचलला, हे तिला कळू द्या. घरात तिची निवड बाजूला पडलेली नाही, हे तिला त्यातून जितकं समजेल तितकं बोलून समजणार नाही.

नवऱ्याशी बोलताना कपाटाचा विषय आधी काढू नका. आधी बल्ब, मग पुठ्ठा. डोळ्यांना फरक दिसला की वादाचं कारणच उरत नाही. पांढऱ्याबद्दलची त्यांची ओढ मला समजते. त्यांना घरात शांतता हवी आहे, आणि ती मागणी रास्त आहे. एकसारखी किनार, एकसारखा उजेड आणि मोकळ्या जागा यांतून ती मिळेल. हॉल आणि पॅसेजमधल्या वस्तू मात्र तुम्हीही थोड्या कमी करा. जाण्यायेण्याच्या वाटेवर गर्दी असली, तर रंग कितीही जुळवले तरी घर तुटकच दिसतं.

क्रम चुकवू नका: फोटो, बल्ब, वस्तूंची अदलाबदल, मग चौकटी आणि छत, मग पॅसेज, आणि हॉलच्या भिंती शेवटी. रंगाची शेड पक्की करण्याआधी नमुना पुठ्ठ्यावरच लावा, भिंतीवर नको. भिंतीवरचा नमुना जुन्या रंगाच्या मधोमध बसतो आणि शेव्हरोलचा नियम तिथेही लागू होतो. पुठ्ठा निदान दोन फूट तरी हवा, कारण शेडकार्डावरच्या बोटभर तुकड्यापेक्षा तोच रंग पूर्ण भिंतीवर जास्त तीव्र वाटतो. सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर तो खोलीखोलीतून फिरवा.

राहिला पडद्यांचा प्रश्न. एकसारखे नकोत. मुलीचे पिवळे पडदे काढून तिथे हॉलचे लावले, तर तिच्या खोलीचा जीवच जाईल. सारखं ठेवायचं ते पडद्यांचं माप: सगळ्या दांड्या एका उंचीवर, खिडकीच्या चौकटीपासून बऱ्याच वर, आणि सगळे पडदे जमिनीला जेमतेम टेकणारे. हॉलमध्ये आणि तुमच्या कामाच्या खोलीत एकाच जातीचं कापड घ्या, जाडसर, सुती, बिननक्षीचं. हॉलला राखाडीत, तुमच्याकडे कच्च्या सुताच्या रंगात. बेडरूममध्ये कपाटाच्या लाकडाहून दोन-तीन छटा फिका तपकिरी चालेल. मापं घ्यायला सुरुवात करण्याआधी मात्र बल्ब बदललेले असू देत, नाहीतर कापडाचा रंगही चुकीच्या उजेडात निवडला जाईल.